पाखरांपायी गेलेली खोली

पाखरांचं कौतुक मला सांगायचं नाही, आधीच सांगून ठेवते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणते, "किती छान हो, तुमच्या परसात पक्षी येतात!" येतात ना. आले, खाल्लं, प्यायले आणि माझी पुढची खोली घालवून गेले. आता करा कौतुक.

माझं काम शिवणाचं. नवे कपडे कमी, दुरुस्त्या जास्त. पँट लांब होते, कोट आवळतो, झिप बिघडते, आईचा झगा लेकीच्या मापाचा करायचा असतो. रस्त्याला लागून पुढची खोली, तिला मोठी खिडकी आणि त्या खिडकीत माझं मशीन. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसायचे आणि मला रस्ता दिसायचा. पाटी कधी लावली नाही, मीच पाटी. बस चुकलेली बाई उभ्या उभ्या आत यायची, "एवढं बटण लावून देता का हो?" म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात पिशवीभर कपडे घेऊन हजर व्हायची. शिवाय उजेड. दिव्याखाली काळा दोरा आणि गडद निळा दोरा सारखाच दिसतो. त्याला दिवसाचाच उजेड लागतो, आणि तो त्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत असायचा.

घर सासऱ्यांनी घेतलेलं. दोघा भावांत वाटणी अशी कधी झालीच नाही. वर थोरले भाऊजी, ताई म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि त्यांचा मुलगा. खाली आम्ही दोघं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं दोन माणसांना एवढी जागा कशाला, असं वरच्यांच्या मनात कायम. तोंडानं कुणी बोललं नाही. भाऊजी तसे गोड बोलतात. इतकं गोड बोलतात की माणसानं आपला खिसा चाचपून बघावा.

आमचे हे छापखान्यात होते. वर्तमानपत्राचा छापखाना, म्हणजे जन्मभर रात्रपाळी. पहाटे यायचे, हाताची शाई घासून काढायचे आणि मागच्या खोलीत झोपायचे ते थेट दुपारपर्यंत. उजेडात त्यांचा डोळा लागत नाही म्हणून मागच्या खिडकीला मी दुहेरी अस्तराचा काळा पडदा शिवून दिला होता. या घरात आलो तेव्हापासून तो पडदा कधी सरकला म्हणून नाही. मागं परस आहे, तुतीचं मोठं झाड आहे, पलीकडे कुठल्याशा गोदामाची उंच भिंत आहे, एवढं माहीत. पण परस ताईंचं. वाळत घालायच्या दोऱ्या त्यांच्या, कुंड्या त्यांच्या. मी दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेली आणि हे काळ्या पडद्याआड घोरत. मागं कोण येतं, कोण जातं, आम्हाला काय कळणार?

निवृत्ती तोंडावर आली असताना ऐन थंडीत यांना झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा मी खाट पुढच्या खोलीत टाकली, माझ्या मशीनशेजारी. काम करता करता लक्ष ठेवता येईल, पाणी देता येईल, कूस बदलता येईल. माणूस डोळ्यांसमोर हवा ना. पण गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. बाया मापं द्यायला लाजायच्या. हे काही बोलायचे नाहीत, नुसते छताकडे बघत पडायचे. मी दिवसभर बडबडायची. गल्लीत काय झालं, कुणाचा कोट आला, कुणी किती जाड झालं. ऐकताहेत की नाही तेही कळायचं नाही. सगळी थंडी मी त्या माणसाला भरवलं, पुसलं, धुतलं, पण त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

थंडी ओसरल्यावर पुतण्या खाली आला. चांगला शिकलेला, डोळे तपासायचा, चष्मे करायचा कोर्स केलेला. "काकू, काकांना मागच्या खोलीत ठेवलं तर? मोकळी हवा येईल. तुझंही काम नीट होईल." मला पटलं. खोटं कशाला बोलू, मलाच पटलं. खाट मागं नेली, पडदा काढला, खिडकी उघडली आणि यांची चाकांची खुर्ची खिडकीशी लावली. मशीन अर्थातच पुढंच राहिलं. मधलं दार उघडं ठेवायचं आणि हाक आली की धावायचं, असं ठरलं.

हाक कसली येतेय म्हणा. पण आली! एका सकाळी मी कुणाच्या तरी बाहीला टाचण्या लावत होते आणि मागून आवाज आला, "आली!" टाचणी बोटात घुसली. धावत गेले तर हे खुर्चीत पुढं वाकलेले, उजवा हात खिडकीकडे. तुतीच्या झाडावर पाखरंच पाखरं. फांदी हलत नव्हती, पाखरंच हलत होती. काही पिवळी, काही करड्या पाठीची, एक लहानसं तर पोटाशी विटकरी रंगाचं. सगळी मरणाची भुकेली. पिकलेल्या तुतीवर अशी तुटून पडली होती की खाली फरशीवर जांभळा सडा.

मला काय वाटलं सांगू? आधी रडू आलं. यांचा आवाज ऐकून. आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. माझ्यासाठी सगळी थंडी तोंड उघडलं नाही आणि पाखरासाठी उघडलं!

मग रोजचंच झालं. ताईंच्या परवानगीनं मी परसात पाण्याची पसरट थाळी ठेवली. संत्र्याच्या फोडी ठेवल्या. यांची जीभ हळूहळू सुटायला लागली, आणि सुटली ती नावं ठेवण्यापासून. एक गुबगुबीत पाखरू थाळीच्या मधोमध बसायचं, दुसऱ्या कुणाला पाणी पिऊ द्यायचं नाही. तो "जावईबापू". एक सारखं शेपूट हलवत फरशीवरून तुरुतुरु फिरायचं, कुणी काय खाल्लं बघत. तो "मुकादम". आमच्या छापखान्यातला मुकादम अगदी असाच होता, म्हणाले. सबंध वाक्य! मी हसले. एकदा हातात कात्री तशीच घेऊन मी त्यांच्याशेजारी उभी राहिले, तर त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि पुटपुटले, "बघ, विटकरी पोटाची." दोघं कितीतरी वेळ बघत राहिलो. तेवढ्यापुरतं मलाही छान वाटलं. पुढं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी वाटलं.

डॉक्टरांनी पाठ थोपटली. "पक्ष्यांनीच बरं केलं यांना," म्हणाले. बघा, श्रेयसुद्धा पाखरांना.

हे सगळं भाऊजी वरून बघत होते. एरवी सणावारी डोकावणारा माणूस आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन भावाजवळ यायला लागला. "काय रे, आज कोण कोण आलंय?" हे खुलायचे. पुतण्यानं दुर्बीण आणून दिली. चांगली महागातली होती, एका हातानं धरता येईल अशी. मी मनात म्हटलं, एवढी माया अचानक कुठून उतू चालली? आणि मग ताईंच्या तोंडून निघालंच. पुतण्याला चष्म्याचं दुकान टाकायचं होतं. बाजारात जागेचे भाव आभाळाला भिडलेले. घरची, रस्त्यावरची, मोठ्या खिडकीची खोली असताना बाहेर कशाला जायचं?

माझ्या पायाखालची जमीन सरकली. यांचा पगार बंद झालेला. माझ्या मशीनवर घर चाललेलं. ती खोली गेली तर मशीन कुठं ठेवणार? मागच्या खोलीत खाट, खुर्ची, यांचं सगळं सामान, पाय ठेवायला जागा नाही. स्वयंपाकघरात टेबलसुद्धा मावत नाही. उरतो मधला बोळ, त्याला खिडकी नाही. आणि गिऱ्हाइकांनी यायचं कुठून? बाजूच्या गल्लीतून, गटार ओलांडून. कोण येणार?

पण घर दोघा भावांचं. यांनी नाही म्हटलं असतं तर भाऊजींची छाती झाली नसती. भाऊजींना लोकलाजेची भीती फार. आजारी भावाला बाहेर काढलं असं कुणी म्हणायला नको होतं. त्यांना यांच्या तोंडून होकार हवा होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी यांच्यासमोर बसले. "हे बघा," म्हटलं, "उद्या भाऊजी विचारणार आहेत. तुम्ही काही भाषण करू नका. फक्त 'नाही' म्हणा. एवढा एक शब्द. बाकीचं भांडण मी बघते. म्हणाल ना?" यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली.

सकाळी सगळे मागच्या खोलीत जमले. भाऊजी खाटेवर, ताई दाराशी, पुतण्या भिंतीला टेकून. मी यांच्या खुर्चीमागं उभी. हे दुर्बीण डोळ्याला लावून बसलेले. त्या दिवशी पाखरंही मेली नेहमीपेक्षा जास्त आली होती.

"तू म्हणशील तसं," भाऊजी म्हणाले. "तू नाही म्हणालास तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. पण मला आपलं वाटतं, तुला इथं किती बरं वाटतंय. तुला परत पुढं जायचंय का? तिथं धूळ, गाड्यांचे आवाज."

"मला... इथं बरं," हे म्हणाले. दुर्बीण खाली न घेता.

"मग पुढची खोली?"

"घ्या की."

"अहो!" मी ओरडले. "काय बोलताय? माझं मशीन कुठं ठेवू?"

तेव्हा त्यांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्याकडे मान वळवली, त्यांना वळवता येते तेवढी, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुला काय. तू कुठंही शिवतेस."

ताईंनी सुद्धा खाली बघितलं, एवढं त्यांना कळलं. संसार झाला, केस पिकले, आणि मी काय काम करते, कसं करते, हे या माणसाला माहीतच नव्हतं. मी शिवत असायचे तेव्हा हे झोपलेले असायचे ना! उठायचे तेव्हा कपडे शिवून, इस्त्री होऊन तयार. ते आपोआप होतात असंच वाटत असणार. मला त्यांच्या हातातली दुर्बीण हिसकावून फरशीवर आपटावीशी वाटली. आपटली नाही. आजारी माणूस. पण मनातून तो माणूस उतरला तो उतरलाच.

पुढं काय, सुतार आले. माझ्या खिडकीत काचेचं कपाट उभं राहिलं, त्यात चष्म्यांच्या फ्रेमा रांगेत. बाहेर ही मोठी पाटी. उद्घाटनाला मला पुढं बसवलं, "काकूंचा आशीर्वाद आहे," म्हणून भाऊजींनी चार लोकांत सांगितलं. मी दात विचकले. दुसरं काय करणार?

मशीन बोळात आलं. डोक्यावर दिवा. पहिल्याच आठवड्यात मी एका वकीलबाईंच्या गडद निळ्या कोटाला काळी शिलाई घातली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी बाहेर उजेडात नेऊन कोट बघितला, परत आत आल्या, कोट माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुमचे डोळे आता थकले असतील." एवढं बोलून वर चष्म्यासाठी माझ्याच पुतण्याचं नाव सुचवतात! शिलाई उसवताना मला हुंदका आवरेना. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. काही बाया तर दुकानात डोकावून "इथं शिवणाऱ्या बाई होत्या ना?" विचारायच्या, आणि पुतण्या त्यांना गल्लीतून वळून यायला सांगायचा. वळून कुणी येत नसे.

इकडे हे मजेत. "अगं, आज नवीन एक आलंय, गळ्याला काळा पट्टा!" मी म्हणायची, "असू दे."

आणि एक दिवस पाखरं आली नाहीत.

म्हणजे सकाळी हे नेहमीसारखे खुर्चीत बसले, दुर्बीण लावली, आणि बराच वेळ काही आवाजच नाही. मी चहा घेऊन गेले. झाडावर चिमणी होती एक, नेहमीची. बाकी शुकशुकाट. "उशीर झाला आज त्यांना," हे म्हणाले. दुपार झाली. "मांजर आलं असेल का?" मी परसात जाऊन बघितलं. थाळीतलं पाणी बदललं, ताजी संत्री कापून ठेवली. राग होता, तरी केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी यांनी जेवण परत पाठवलं.

ताई दोरीवर चादरी घालत होत्या. मी विचारलं, "ताई, पाखरं कुठं गेली हो?"

"गेली वाटतं वर, थंड मुलखात," ताई म्हणाल्या, तोंडात चिमटा धरून. "दरवर्षीचंच आहे. तुती पिकली की उतरतात, दीड-दोन महिने खातात, अंगावर मांस चढलं की उडतात पुढं. मग वर्षभर बघायला नको. तुला माहीत नव्हतं?"

"भाऊजींना माहीत होतं?"

"अगं, तेच तर दरवर्षी म्हणतात, चला, यंदाचा गोंगाट संपला." आणि मग बाईच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. चिमटा दोरीला लावला आणि भराभरा आत गेल्या.

मी तिथंच थाळीजवळ खाली बसले. म्हणजे भाऊजी रोज चहा घेऊन येत होते ते घाई होती म्हणून. पाखरं उडायच्या आत होकार हवा होता. आणि आम्ही दोघं येडे, एक रस्त्याकडे तोंड करून बसलेली, एक पडद्याआड झोपलेला, आम्हाला आपल्याच परसातलं ठाऊक नाही.

आत जाऊन मी यांना सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं. ती इथं राहत नाहीत. वाटेवर उतरली होती. गेली. तुमच्या दादाला पहिल्यापासून ठाऊक होतं. हे ऐकत होते. झाडाची तुती संपलेली, नुसती पानं, आणि पानांमागं गोदामाची भिंत. त्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मला पुढं ने."

"कुठं पुढं?"

"पुढच्या खोलीत. तू शिवत बस. मी तुझ्याजवळ बसतो. लोक दिसतील."

खुर्चीचा ब्रेक काढला आणि ढकलत नेली, बोळातून, माझ्या मशीनला धक्का लागत लागत. दुकानाच्या दाराशी पोचलो. आत एक गृहस्थ डोळे तपासून घेत होते. पुतण्या लगबगीनं आला, अर्धं दार लोटून हळू आवाजात म्हणाला, "काकू, आत गिऱ्हाईक आहे गं. काकांना नंतर आण ना." तेवढ्यात भाऊजी जिन्यावरून उतरले. यांनी मान वर केली. "दादा," म्हणाले, "मला... पुढं बसायचंय. पाखरं गेली."

भाऊजींनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला, अगदी. म्हणाले, "अरे, एवढंच ना? येतील की पुढच्या वर्षी. वर्ष काय, बघता बघता जातं."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलावं, भांडावं, नेहमीसारखं घर डोक्यावर घ्यावं, असं त्यांना वाटत होतं. मला चांगलं कळत होतं. पण आता कशाच्या जोरावर भांडू? एक शब्द मागितला होता, तो दिला नाही. मी खुर्ची वळवली.

खिडकीशी खुर्ची लावली, पायावर शाल टाकली. त्यांचे डोळे वाहत होते. तोंडाची ती बाजू वाकडी, त्यामुळं रडणं सुद्धा धड दिसत नाही. "मला वाटलं, ती इथंच असतात," म्हणाले.

"बरं झालं," मी म्हणाले. ते म्हणताना मला खरंच बरं वाटलं, ते लपवत नाही. मग रुमालानं त्यांचं तोंड पुसलं आणि बोळात जाऊन दिवा लावला. एक पँट होती, फक्त खालून दुमडायची. तेवढंच काम होतं दिवसाचं.

"अगं," मागून हाक आली. "अगं, इथं ये ना. माझ्याजवळ बस जरा."

मी मशीन चालू केलं. ते पुन्हा हाक मारत होते, आता जरा मोठ्यानं. मशीनच्या आवाजात हिला ऐकू येत नसेल, असंच त्यांना वाटत असणार. मला ऐकू येत होतं.